काच चमकते म्हणून

ज्याच्या लग्नाबद्दल हे लिहितोय तो माझा दोस्त आहे. हे छापून आल्यावर राहील की नाही ते त्याच्या हातात. त्याचं नाव लिहीत नाही, त्या फोटोग्राफरचंही नाही. नावं लिहिली की तुम्ही म्हणणार, दोघांचं भांडण आहे, त्यांनी आपसात मिटवावं. आणि हात झटकून मोकळे होणार. तसं होऊ द्यायचं नाही मला. तुमच्याही घरात शोकेसमध्ये असला एक अल्बम आहे. मी पाहुणा म्हणून येतो तेव्हा पाण्याच्या तांब्याआधी तुम्ही तोच माझ्या मांडीवर आणून ठेवता.

मी गोदीत काम करतो. कंत्राटी. मॅट्रिक झालो, पुढे शिकलो नाही. कविता लिहितो. गोदीच्या गेटवर पाटी आहे, फोटो काढण्यास मनाई. बंदर आहे, सुरक्षेचा मामला आहे, समजतो. पण नतीजा असा की वीस-वीस टनांची स्टीलची कॉइल जहाजाच्या पोटातून वर येते तेव्हा आमची टोळी कशी दिसते हे आमच्या बायकापोरांनी कधी पाहिलेलं नाही. माझा आजाही गोदीतच होता. पोती ओढायचा हूक खांद्याला अडकवून जायचा, असं आई सांगते. त्याचा घरात एकच फोटो, गेटपासावरचा. त्यावर शिक्का मारलेला, नेमका तोंडावर. डावा डोळा शिक्क्याखाली गेलाय. मी आज्याला एका डोळ्यावर ओळखतो.

म्हणून कॅमेरा घेतला. बोरा बाजारातून जुना, अकरा हजाराला, जादा पाळ्या करून. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कात रांगेतल्या माणसांचे काढत काढत शिकलो. कविता लिहिणाऱ्याने असले धंदे करू नयेत असं आमच्यातल्या एका थोर कवीचं मत पडलं. पडू दे.

दोस्त आणि मी मुंबईत एका बाकावर दहावी. तो मामाकडे राहून शिकत होता, घर तळेगाव दाभाड्याचं. तो पुढे डिप्लोमाला गेला, मी गोदीत. आता तो तिकडेच कंपनीत सुपरवायझर आहे. लग्न ठरलं तेव्हा त्याचा फोन आला, 'गड्या, कॅमेरा घेऊन ये.' हे त्याचंच वाक्य आहे, पुढे वाचताना विसरू नका.

एका दिवसाची मजुरी बुडवून पहाटेची इंद्रायणी धरली, लोणावळ्याला उतरून लोकल. तळेगावला मी पहिल्यांदा जात होतो. तसं हे गाव आपल्याला परकं नाही. बाबासाहेबांचं घर या गावात आहे, आज तिथं स्मारक केलंय. तिथून पुण्याच्या बाजूला तिसरं स्टेशन देहूरोड, जिथं बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. दोस्ताची आजी त्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसून तिथं होती. पुस्तकात फोटो येतात त्या वेळचे. आजी गर्दीत कुठंतरी असेल, तिला स्वतःलाही सापडत नाही. आणखी एक, हे गाव काचेचं. लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभ्या केलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना इथला, 1908 सालचा. काचेवरूनच आमचं बिनसलं म्हणून सांगितलं.

कार्यालय स्टेशनच्या अंगाला. मंगल परिणय, दुपारी साडेबाराचा. स्टेजवर टेबल, त्यावर पांढरं कापड, मधे बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फ्रेम केलेला फोटो, पुढे मेणबत्त्या आणि उदबत्त्या. ती फ्रेम दोस्ताच्या घरची. त्याचा बाप देहूरोडच्या डेपोत होता, त्यानं घेतलेली. बाप गेला, फ्रेम आहे.

फोटोग्राफर एकटा नव्हता. दोन कॅमेरे, एक व्हिडिओवाला, ड्रोन उडवायला एक पोरगा, दिवा धरायला एक त्याहून लहान पोरगा. पॅकेज दीड लाखाचं. त्यात लग्नाआधीचं शूटिंगही, पवना धरणावर, रंगीत धूर सोडून. नवरी गाऊनमध्ये पळतेय, दोस्त मागे पळतोय, असे ते फोटो कार्यालयाच्या दारात पडद्यावर फिरत होते. याला माझी हरकत नाही, हे आत्ताच सांगतो, नाहीतर काही साथी लगेच माझ्या बाजूने टाळ्या पिटतील. महाडला 1927 साली बाबासाहेबांनी बायांना सांगितलं की लुगडं नेसायची पद्धत बदला, अंगावरचे ते जातीची खूण सांगणारे दागिने उतरवा. चांगलं नेसणं, झोकात राहणं ही आपल्यात लढाईच होती. नवरीने गाऊन घालावा, घोड्यावर बसावं, विमानातून उतरावं. ज्यांच्या आज्या उष्टं मागून जगल्या त्यांनी चार पैसे उधळले तर माझं पोट दुखत नाही. दीड लाखात काय विकत घेतलं, एवढंच मी विचारतोय.

तर बौद्धाचार्य आले, दोघं पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली. फोटोग्राफरने कॅमेऱ्यात बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, 'ती फ्रेम जरा बाजूला घ्या. काच चमकते.'

दिवा धरणाऱ्या पोराने फ्रेम उचलली आणि सोफ्याच्या मागे, जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवली.

दोनशे माणूस बसलं होतं. दोनशेतले निम्मे एकमेकांना 'जय भीम' केल्याशिवाय पाणी पीत नाहीत. कुणी हललं नाही. बौद्धाचार्यांनी दोस्ताकडे पाहिलं. दोस्ताने हाताने अशी खूण केली, की चालू द्या, दोन मिनिटांचा प्रश्न आहे.

मी स्टेजवर चढलो. सोफ्याआड गेलो, फ्रेम आणली, जागेवर ठेवली. मेणबत्तीजवळची आगपेटी उचलून फ्रेमच्या मागे वरच्या बाजूला सारली. फ्रेम दोन बोटं पुढे झुकली. चमक गेली. दिवा वरून येतो, काचेवर आपटतो आणि ज्या कोनातून आला त्याच कोनातून परत जातो. काच सरळ उभी असेल तर तो उजेड कॅमेऱ्याच्या डोळ्यात शिरतो, पुढे झुकवली तर जमिनीकडे जातो. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली गोष्ट आहे. एवढं ज्याला सुचत नाही तो दीड लाख घेतो, आणि बाबासाहेबांना सोफ्यामागे ठेवणं मात्र त्याला लगेच सुचतं.

त्याला जातीचा द्वेष होता असं मी म्हणत नाही. त्याच्या मनात काही नव्हतंच. त्याच्या लेखी ती एक चमकणारी वस्तू होती. बुके चमकला असता तर बुके हलवला असता. माझा राग त्याच्यावर थोडा आणि त्या दोनशेंवर फार. आणि त्या दोनशेंत मीही एक मिनिटभर बसूनच होतो.

'गेस्ट आहात ना?' फोटोग्राफर म्हणाला. 'मग गेस्टसारखे खाली बसा. फ्रेममध्ये येऊ नका.'

हे वाक्य मी तळेगावहून मुंबईपर्यंत चघळत आलो.

पाहुण्याने फोटो काढावेत की नाही? याचं त्यांच्या धंद्यातलं उत्तर सरळ आहे, काढू नयेत. आणि त्यात थोडं खरंही आहे, ते लपवत नाही. पंचशील सुरू झालं तसा मी पुढे सरसावलो. माझ्या दोन्ही बाजूंना मोबाइल वर करून पंधरावीस पोरं. आमची एक भिंतच उभी राहिली. मागून कुणीतरी माझा शर्ट ओढला. दोस्ताची आजी. 'लेकरा, बाजूला हो की. मला दिसंना. आता समोर चाललंय ते मी नंतर फोटूत बघू व्हय?'

साठ-सत्तर वर्षं वाट पाहून म्हातारी नातवाचं लग्न बघायला बसली होती आणि मी, क्रांतीचा कवी, तिच्या डोळ्यापुढे पाठ करून उभा. शरमलो. खाली फरशीवर बसलो. त्यानंतरचे सगळे फोटो बसून काढले. बसून काढलं की मागच्याला दिसतं, आणि आणखी एक फायदा होतो, लहान पोरं, म्हाताऱ्या, वाढपी, ज्यांच्या डोक्यावरून तो भाड्याचा कॅमेरा निघून जातो ती माणसं समोर येतात. पाहुणे मंडळींनो, तुम्हीही बसा. उभं राहून सगळ्यांनी एकच फोटो चाळीस वेळा काढण्यात काय हशील आहे?

एक कारागिरीची गोष्टही सांगतो, कारण ती नुसती कारागिरीची नाही. आपल्या लग्नात वधूवर पांढऱ्या कपड्यांत असतात. कॅमेऱ्याचं मीटर अडाणी असतं. समोर फार पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, ते सगळंच दाबून टाकतं. साडी करडी होते आणि तोंडं काळीठिक्कर पडतात, नाकडोळे गायब. उपाय साधा आहे, उजेड एक पायरी वाढवायचा. साडी पांढरी राहते आणि सावळं तोंड सावळं पण स्पष्ट येतं, गालावरचा घाम, नाकातली मोरणी दिसते. पण धंदेवाले दुसराच उपाय करतात. काढतात तसंच आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून सगळ्या खानदानाला चुना लावतात. दोस्ताच्या अल्बममध्ये त्याची बहीण कोण हे मला विचारावं लागलं. बरं, ही खोड तळेगावातली नाही. कोडॅक कंपनी रंग जुळवून बघायला लॅबोरेटऱ्यांना एक कार्ड पाठवायची, त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. शर्ली कार्ड म्हणायचे. तिचं कातडं बरोबर आलं की जगाचं बरोबर आलं. काळ्या माणसाचं तोंड मग रात्रीत बुडालं तरी कंपनीचं काय जातं!

आणि ही पाठीमागची दृश्यं बदलण्याची कलाही नवी नाही. मुंबईच्या विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबाने 1863 आणि 1866 साली लंडनला दोन जाडजूड पुस्तकं छापून घेतली, मुंबईत राहणाऱ्या वंश आणि जातींची. एकेका जातीची माणसं पोशाखासकट उभी केलेली, नमुना म्हणून. माणसांचा फोटो एका जागी काढलेला आणि मागचा देखावा दुसरीकडून आणून चिकटवलेला. ज्याला उभं केलं त्याला विचारलं असेल का, बाबा रे, तुला मागे काय हवंय? दीडशेहून जास्त वर्षं झाली. दोस्ताच्या अल्बममध्ये त्याच्यामागे बर्फाचे डोंगर आहेत. साहेब मेला, आता आम्हीच पैसे देऊन स्वतःला चिकटवून घेतोय.

मी काय काढलं? दोस्ताची आई स्वयंपाकाच्या बाजूला पायरीवर बसून लाडवांची ताटं मोजताना. निळी टोपी घातलेले एक बाबा, उभ्याउभ्या झोपलेले. जयमंगल गाथेच्या वेळी फुलांच्या पाकळ्या, आणि त्या टाकायच्या सोडून खाणारं एक पोर. बौद्धाचार्य प्रतिज्ञा सांगतायत, नवरी स्पष्ट आवाजात म्हणतेय आणि दोस्ताचे ओठ नुसते पुटपुटतायत. मागे टेबलावर बुद्ध, आणि आगपेटी लावून झुकवलेले बाबासाहेब. पंक्तीत जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आमच्या बाया, कारण टेबलखुर्च्या कंपनीच्या पाहुण्यांना पुरल्या. एकूण तीनशे निघाले, त्यातले चाळीस निवडून मित्रांच्या ग्रुपवर टाकले.

आठव्या दिवशी फोन. 'ते फोटो काढून टाक.'

मी विचारलं, 'कुठले?'

'सगळेच. डिलीट कर. तुझ्याकडचेही.'

ग्रुपवरून कुणीतरी पुढे पाठवले होते, फिरत फिरत त्याच्या कंपनीतल्या ग्रुपवर गेले. तिथं कुणीतरी लिहिलं, अरे, तुमच्यात असं असतं का लग्न? बस, एवढंच. पुढे कुणी काही बोललं नाही. पण दुसऱ्या दिवशी डबा खायला नेहमीच्या टेबलावर जागा झाली नाही, असं तो म्हणाला. आणि ज्या सोसायटीत भाड्याने राहतो तिथल्या मालकाला अजून ठाऊक नाही. आडनाव असं आहे की कुठेही खपतं.

मी तडकलो. तोंडाला येईल ते बोललो. बापाची फ्रेम सोफ्यामागे ठेवलीस, आता आईला डिलीट करायला सांगतोस, साल्या, तुझा पगार कुणामुळे आहे वगैरे. ही भाषणं आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'तुझं बरंय. गोदीत तुझी टोळी आहे. इकडं मी एकटा आहे.'

फोन ठेवल्यावर झोप लागली नाही. तो घाबरट आहे हे लिहिणं सोपं आहे, मी लिहिलंही होतं, पहिल्या मसुद्यात तेच होतं. मग शिर्डी आठवली. 16 मे 2015. सागर शेजवळ, नर्सिंग शिकणारा पोरगा, शिर्डीला लग्नाला आला होता. पाहुणाच. खिशातला मोबाइल वाजला आणि रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची निघाली. तेवढ्यावरून त्याला उचलून नेऊन ठार मारलं. लग्नाला आलेला पाहुणा, हातात मोबाइल, वय विशीतलं. माझ्यात आणि त्याच्यात फरक काय? माझ्या दोस्ताची भीती हवेतून आलेली नाही. पेपरात आपले फोटो येतात ते असे, मेल्यावर, पासपोर्ट साइजचे, कुठल्यातरी फॉर्मवरून उचललेले. हसताना, लाडू खाताना, प्रतिज्ञा म्हणताना आपण कुणाला दिसतच नाही. म्हणून तर मला ते चाळीस फोटो फिरावेत असं वाटत होतं. पण माझ्या वाटण्याची किंमत त्याच्या डब्याच्या टेबलाने का चुकवायची?

तेव्हा मी काय केलं ते लिहितो. ग्रुपवरून काढले. डिलीट केले नाहीत. त्याला कळवलं, तुझा चेहरा तुझा आहे, तू म्हणशील तिथं दाखवणार नाही. पण त्या फोटोत तू एकटा नाहीस. तुझी आई आहे, आजी आहे, निळ्या टोपीचे बाबा आहेत, पंक्तीतल्या बाया आहेत. त्यांना पुसायचा अधिकार तुला कुणी दिला?

त्याने उत्तर दिलं नाही.

आता जरा मागे जातो. बाबासाहेबांचं पहिलं लग्न 1906 च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात लागलं. दिवसा बाजार, म्हणून रात्री, मासळीवाले उठून गेल्यावर. बसायला दगडी ओटे, पायाखालून घाण पाणी वाहतंय. त्या लग्नाचा फोटो तुम्ही पाहिलाय? मी नाही. कोण काढणार, आणि कशाने! कॅमेरे होते मुंबईत, जातींचे नमुने टिपून तोवर चाळीस वर्षं झाली होती, पण भायखळ्याच्या त्या ओट्यांकडे कुणाचा कॅमेरा वळला नाही. रमाईचा चेहरा आपल्याला माहीत आहे तो थोड्याशा फोटोंतून. राजगृहातला 1934 सालचा आहे, सगळं कुटुंब बसलंय, समोर कुत्रासुद्धा आहे. पुढच्या वर्षी मे महिन्यात रमाई गेली. तो फोटो नसता तर? आणि 7 डिसेंबर 1956 ची अंत्ययात्रा आज आपल्याला पडद्यावर दिसते ती नामदेव व्हटकरांनी पदरचे पैसे घालून चित्रित केली म्हणून. त्यांना कुणी पॅकेज दिलं नव्हतं.

(आपल्या पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर मात्र चाळीस-चाळीस तोंडं असतात, त्यांचा इतिहास कधी बुडणार नाही. असो.)

महिन्याभराने दोस्ताचा मेसेज आला. जय भीम नाही, काही नाही, थेट काम. विवाह नोंदणीला कागदपत्रं द्यायची होती, त्यात लग्नविधीचा फोटो मागितला. पॅकेजवाल्याने बाकीचे पैसे मिळेपर्यंत अल्बम अडवून ठेवलेला. नमुन्याचे म्हणून पाठवलेल्या फोटोंत धूर आहे, धरण आहे, अंगठीचा जवळून काढलेला आहे, बौद्धाचार्य आणि प्रतिज्ञा घेणारी दोघं एका चौकटीत असा एकही नाही. 'तो तुझा आहे ना, ज्यात सगळं दिसतंय, तो पाठव.'

पाठवला. टोमणा मारायची फार उबळ आली होती. गिळली. सरकारी दफ्तरात आता तो फोटो आहे, मागे टेबलावर बाबासाहेबांसकट. कंपनीला नाही, सोसायटीला नाही, पण दफ्तराला माहीत आहे की लग्न कसं लागलं.

मग एका रविवारी चाळीस प्रिंट काढून घेतल्या, तळेगावला गेलो. दोस्त घरी नव्हता, किंवा नव्हता असं सांगितलं. त्याची आई अजून गावातल्या जुन्या घरात राहते, तो सोसायटीत. मी फोटो तिच्या पुढ्यात मांडले, पत्ते मांडावेत तसे, आणि वाट बघत बसलो. माझी खात्री होती की लाडवांच्या ताटांपाशी बसलेल्या स्वतःच्या फोटोवर तिचे डोळे भरून येतील. माझा सगळ्यात आवडता फोटो तो. त्यावर कविताही अर्धी झाली होती.

तिने तो उचलला, लांब धरला. 'हे काय रे? घामाघूम अवतार, पदर पडलेला. लेकाच्या लग्नात मी मोलकरणीवाणी दिसते. दुसरा नाही का?'

मी म्हणालो, 'माय, हाच खरा आहे.'

'खरा तुला असंल,' ती म्हणाली. 'रोज मी तशीच असते. लग्नात तरी बरी दिसू दे की.'

यावर मी काय बोलणार? मी त्या फोटोग्राफरला शिव्या घालत होतो की तो आमच्या माणसांना न विचारता गोरं करतो. मी त्यांना न विचारता घामेजलेलं केलं होतं. जॉन्सन साहेबालाही त्याचे नमुने खरेच वाटत असणार. अमेरिकेत फ्रेडरिक डग्लस म्हणून होऊन गेला, गुलामीत जन्मलेला आणि पळून सुटलेला. एकोणिसाव्या शतकात सगळ्यात जास्त फोटो निघालेला अमेरिकन म्हणून त्याचं नाव घेतात. तो स्वतः स्टुडिओत जाऊन बसायचा, कोट घालून, केस विंचरून, नजर रोखून, कारण गोऱ्यांच्या छापील चित्रांतले हसरे काळे गुलाम त्याला सहन होत नसत. राजगृहातल्या त्या फोटोतही सगळी नीटनेटकी बसली आहेत. कुणी कुणाला नकळत टिपलेलं नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण तोवर माझ्या बाजूने त्याचा विचार केला नव्हता.

'थांब,' म्हणाली. आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली ती लग्नातली पैठणी नेसून, कपाळ पुसून, पायात चपला घालून. भिंतीवरची फ्रेम उतरवली, पदराने काच पुसली, खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि खुर्चीत ताठ बसली. दारातून उजेड येत होता, सकाळचा, आडवा. काच चमकली.

मी खिसे चाचपायला लागलो. तिने चुलीजवळच्या कोनाड्याकडे बोट केलं. 'आगपेटी तिथं हाय.'

आठ फोटो काढले. तिने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर आठही पाहिले आणि पाचवा पसंत केला. हसत नाही त्यात. फ्रेमवर हात ठेवलाय, वजन तोलून धरावं तसा.

'किती प्रती काढू?' मी विचारलं.

'तीन,' ती म्हणाली. 'एक हितं. एक पोरीला. आणि एक मोठी कर, त्याच्या सोसायटीतल्या भिंतीला.'

तिन्ही कुरियरने पाठवल्या. त्याने लावला का ते मी अजून विचारलेलं नाही.